प्रवेशअर्जात बढाई नको, काकुळतीही नको

मास्टर्स किंवा पीएचडीच्या अर्जासाठी एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे काय आणि का शिकायचंय ते सांगणारं निवेदन) लिहायला बसलेल्यांचे साधारण दोन गट पडतात. पहिल्या गटाला स्वतःबद्दल चार ओळी लिहितानाही अवघडल्यासारखं होतं, कारण स्वतःची टिमकी वाजवू नये हे मनात पक्कं बसलेलं असतं. दुसऱ्या गटाने इंटरनेटवरचे नमुने वाचलेले असतात, त्यामुळे पहिल्याच परिच्छेदात ‘लहानपणापासूनची पॅशन’, ‘सखोल ज्ञान’ आणि ‘जग बदलण्याची इच्छा’ हजर असते. एकच माणूस सोमवारी पहिल्या गटात आणि शुक्रवारी दुसऱ्या गटात असतो, असंही मी बरेचदा पाहिलंय. मी स्वतः या प्रक्रियेतून गेलो आणि नंतर मागून येणाऱ्यांचे मसुदे वाचत आलो. त्यातून माझं एक मत झालंय: दावा जेवढ्यास तेवढा ठेवला आणि त्याच्या शेजारीच पुरावा दिला, की टोन आपोआप जमतो. तो वरून फवारून येत नाही.

हे वाचणार कोण, तेही लक्षात असू द्या. पीएचडीचा अर्ज बहुतेक ठिकाणी त्या विभागातले प्राध्यापकच वाचतात. त्यांच्यासमोर गठ्ठा असतो आणि वेळ कमी असतो. ‘अत्यंत मेहनती’, ‘जिज्ञासू’ हे शब्द त्या गठ्ठ्यातल्या जवळजवळ प्रत्येक अर्जात आहेत. तुम्ही ते लिहिले म्हणून कोणी तुम्हाला उद्धट म्हणणार नाही. नजर नुसती त्यावरून पुढे सरकेल.

आधी हे जमवून ठेवा

- सीव्ही, अद्ययावत आणि शक्यतो दोन पानांत.
- ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांची अधिकृत नोंद. मूळ विद्यापीठाकडून मिळायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यात आधी याच्या मागे लागा.
- शिफारसपत्र देणाऱ्यांची नावं. अमेरिकेत साधारण तीन पत्रं लागतात, ब्रिटनमध्ये बहुधा दोन.
- परीक्षांचे गुण. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं चालतात, जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे पाच. मात्र बऱ्याच विभागांनी जीआरई ऐच्छिक केली आहे किंवा काढूनच टाकली आहे, तेव्हा विभागाचं पान पाहिल्याशिवाय फी भरू नका.
- मानव्यविद्या शाखांसाठी लेखनाचा नमुना. ब्रिटनमध्ये पीएचडीसाठी बहुतेक वेळा संशोधन प्रस्तावही.
- प्रत्येक अभ्यासक्रमाचा प्रश्न, शब्दमर्यादा आणि डेडलाइन टिपलेली एक साधी स्प्रेडशीट. डेडलाइनच्या रकान्यात टाइम झोनही लिहा.

१. प्रश्न काय विचारलाय ते नीट वाचा

सगळे ज्याला सरसकट एसओपी म्हणतात, त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणजे काय शिकायचंय, आत्तापर्यंत काय केलंय, आणि इथेच का. पर्सनल स्टेटमेंट किंवा पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट म्हणजे तुम्ही कुठून आलात, कोणत्या अडचणींतून आलात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीसारख्या कॅम्पसमध्ये हे दोन्ही वेगवेगळे मागतात. टोनच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. घरची परिस्थिती, आजारपण, पहिल्यांदाच कोणी एवढं शिकतंय या गोष्टी दुसऱ्यात अगदी शोभून दिसतात. त्याच गोष्टींनी पहिल्याची सुरुवात केली तर वाचणाऱ्याला वाटतं, विषयाबद्दल सांगण्यासारखं यांच्याकडे फारसं नाही.

देशागणिकही चाल बदलते. जर्मनीतलं मोटिव्हेशन लेटर बहुधा आटोपशीर असतं आणि त्यात भावनेपेक्षा आधीचे विषय आणि पुढचा अभ्यासक्रम यांची सांगड बघतात. कॅनडात संशोधनाच्या पदवीसाठी अर्जाआधीच मार्गदर्शक शोधावा लागतो असे अनेक विभाग आहेत. अमेरिकेत जीवशास्त्राच्या अनेक विभागांत पहिल्या वर्षी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत फिरवतात, त्यामुळे तिथे एकाच प्राध्यापकाच्या नावावर सगळी भिस्त ठेवणं बरं दिसत नाही. म्हणून एक मसुदा करून सगळीकडे चिकटवणं सोडा.

२. लिहिण्याआधी पुराव्यांची यादी करा

एक कोरा कागद घ्या, तीन रकाने पाडा. पहिल्यात तुम्ही काय केलं. दुसऱ्यात त्यातला कोणता निर्णय तुमचा होता. तिसऱ्यात हे कोणाला पडताळता येईल: रिपोर्ट, कोड, पोस्टर, गाइड, मार्क.

दुसरा रकाना भरताना बहुतेक जण अडतात, आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. ‘गाइडने सांगितलं ते केलं’ असं वाटत असतं. पण सांगितल्याप्रमाणे करतानाही तुम्ही काहीतरी ठरवलेलंच असतं: कोणते नमुने टाकून द्यायचे, कोणती पद्धत आधी वापरायची, प्रयोग फसल्यावर काय तपासायचं. तो निर्णय सापडला की तुमच्या अर्जाचा कणा सापडला. आणि एखाद्या ओळीत दुसरा रकाना खरंच रिकामा राहिला, तर ती ओळ सीव्हीत असू द्या. एसओपीत तिच्यावर परिच्छेद खर्ची घालू नका.

३. एक परिच्छेद तीन आवाजांत लिहून पाहा

हे काम कंटाळवाणं आहे, पण टोन कळण्यासाठी याच्याइतका उपयोगी उद्योग मला दुसरा माहीत नाही. समजा, भूजल पातळीचा अंदाज बांधणाऱ्या एका प्रकल्पात तुम्ही होतात. नमुन्यादाखल मी मराठीत लिहितोय. तुमच्या अर्जाची भाषा कोणतीही असो, दुखणं तेच असतं.

दबका आवाज:

«मला एका प्रकल्पात काम करण्याची संधी मिळाली. माझा अनुभव मर्यादित असला तरी नोंदी तपासण्यात मी माझ्या परीने थोडीफार मदत केली. यातून मला खूप काही शिकायला मिळालं.»

फुगलेला आवाज:

«भूजल अंदाजाच्या क्षेत्रात क्रांती घडवणारं मॉडेल मी विकसित केलं. या विषयावरील माझं प्रभुत्व आणि नेतृत्वगुण त्यातून सिद्ध होतात.»

जमलेला आवाज:

«पाच जणांच्या गटात निरीक्षण विहिरींच्या नोंदी तपासण्याचं काम माझ्याकडे होतं. काही विहिरींची पातळी महिनोन्महिने एकच आकडा दाखवत होती. पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर लक्षात आलं की ती मोजमापं नाहीत, जुनाच आकडा पुन्हा पुन्हा भरलेला आहे. त्या विहिरी वगळाव्यात असं मी सुचवलं. वगळल्यावर आमच्या मॉडेलची चूक वाढली: न बदलणाऱ्या आकड्याचा अंदाज बांधणं सोपं असतं, म्हणून आधीचा निकाल उगाच चांगला दिसत होता. खरं मोजमाप आणि भरलेला आकडा आपोआप वेगळे कसे काढावेत, हा प्रश्न तिथून माझ्या मागे लागला.»

तिसऱ्यात एकही विशेषण लेखकाच्या वाट्याला आलेलं नाही. गट पाच जणांचा होता हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, त्यामुळे कोणाचं श्रेय लाटल्याचा वास येत नाही. मॉडेल ‘आमचं’ आहे, सूचना ‘मी’ केली आहे. आणि निकाल बिघडला हेही सांगितलंय! नवखे लोक नेमकं हेच वाक्य खोडतात. त्यांना वाटतं, चूक वाढली असं सांगितलं तर आपली छाप कशी पडणार? पण संशोधन करणाऱ्या वाचकाच्या नजरेत या परिच्छेदातलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच आहे. चांगला दिसणारा निकाल स्वतःहून मोडायची तयारी ज्याच्यात आहे, त्याला वेगळं ‘मी प्रामाणिक आहे’ लिहावं लागत नाही.

दबका आणि फुगलेला हे दोन्ही मसुदे माहितीच्या बाबतीत सारखेच पोकळ आहेत, हेही बघून ठेवा. म्हणून दबक्या मसुद्यात चार दमदार शब्द घातले तर तो सुधारत नाही, नुसता फुगतो. सुधारायचा असेल तर यादीतल्या दुसऱ्या रकान्याकडे परत जावं लागतं.

आता क्रियापदांबद्दल. ‘सहभागी होतो’, ‘मदत केली’, ‘हाताळलं’, ‘केलं’, ‘रचलं’, ‘नेतृत्व केलं’ ही एक शिडी आहे. प्रत्येक कामासाठी त्यातली खरी पायरी निवडा. नियम एवढाच की शिफारसपत्र लिहिणारे तुमचे गाइड ते वाक्य वाचून भुवया उंचावणार नाहीत, आणि ‘अरे, एवढंच का लिहिलंस?’ असंही म्हणणार नाहीत. ‘मला संधी मिळाली’ने सुरू होणारी वाक्यं शोधून काढा. बहुतेकदा त्या तीन शब्दांवर काट मारून थेट कामापासून सुरुवात करता येते.

उलट ‘बहुधा’, ‘असं दिसतं’, ‘या नमुन्यांपुरतं’ असे शब्द निष्कर्षाला लागतात तेव्हा ते राहू द्या. स्वतःच्या कामाबद्दल डळमळीत असणं वेगळं आणि निष्कर्षाची मर्यादा सांगणं वेगळं. मसुदे वाचताना मला दिसतं ते बरोबर उलटं: ‘मी कदाचित हे विश्लेषण केलं असं म्हणता येईल’ आणि त्यापुढे ‘यावरून निर्विवाद सिद्ध होतं की’. विश्लेषण तुम्ही केलंत ना? मग तिथे कदाचित कशाला?

४. कमी मार्क, गॅप, नापास झालेला विषय

दोन किंवा तीन वाक्यं, बस. काय झालं, गरज असेल तर कारण, आणि नंतरचा पुरावा. उदाहरणार्थ: «तिसऱ्या सत्रात संख्याशास्त्रात मी नापास झालो. पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा घेऊन उत्तीर्ण झालो आणि अंतिम प्रकल्पातलं सगळं सांख्यिकी विश्लेषण मीच केलं.» इथे माफी मागितलेली नाही, पेपर काढणाऱ्याला दोषही दिलेला नाही.

पोर्टलवर ‘अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन’ अशी वेगळी चौकट असेल तर ही माहिती तिथे टाका. एसओपीची मोक्याची जागा तिला देऊ नका. आणि एखाद्या सत्रात मार्क जरासे घसरलेत, बाकी आलेख ठीक आहे, तर काहीच लिहू नका; ज्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नसतं ते तुम्हीच बोट दाखवून कशाला दाखवता?

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. अर्ज करताना ‘आपण यांना फसवतोय, आपली एवढी लायकीच नाही’ असं वाटणं फार कॉमन आहे. पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या भावनेला ‘इम्पोस्टर फिनॉमिनॉन’ असं नाव दिलं, आणि त्यांचा अभ्यास उत्तम कामगिरी करणाऱ्या स्त्रियांवरच आधारलेला होता. म्हणजे लायकी नाही असं वाटणं हा लायकी नसल्याचा पुरावा धरता येत नाही. ही भावना मित्राजवळ बोला, डायरीत लिहा. मसुद्यात ती ‘माझ्यात अनेक उणिवा आहेत, तरीही’ अशा वाक्यांतून आली तर ती वाक्यं काढून टाका.

५. पुढे काय करायचंय ते नेमकं, पण हवेत नको

‘कर्करोगावर उपाय शोधेन’ हे फार मोठं झालं. ‘या क्षेत्रात अधिक शिकायची इच्छा आहे’ यात हाताला काही लागत नाही. मधली वाट म्हणजे एखाद-दोन प्रश्न, आणि ते प्रश्न कुठून आले ते. वरच्या उदाहरणातला भरलेल्या आकड्यांचा प्रश्न आपसूक पुढच्या संशोधनाकडे नेतो, म्हणून वेगळा ‘माझं ध्येय’ असा परिच्छेद जोडावा लागत नाही. प्रश्न पुढे बदलला तरी चालतं. अर्जात लिहिलेल्या विषयावरच प्रबंध करा असं सहसा कोणी बांधून घेत नाही.

प्राध्यापकांची नावं द्यायची तर दोन-तीन द्या आणि त्यांचं काम खरंच वाचून द्या. ‘आपल्या जगप्रसिद्ध संस्थेतील थोर प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली’ ही खुशामत आहे, आणि ती वाचणाऱ्यालाही कळते. त्याऐवजी त्यांच्या कामातली कोणती पद्धत तुमच्या प्रश्नाला लागू पडेल, ते एका वाक्यात सांगा.

या परिच्छेदातले नेहमीचे सापळे:

- दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहून जाणं. सबमिट करण्याआधी फाइलमध्ये सगळ्या विद्यापीठांची नावं शोधून पाहा. हसू नका, हे होतं.
- ज्यांचं नाव दिलं ते निवृत्त झालेले, दुसरीकडे गेलेले किंवा यंदा विद्यार्थी न घेणारे असणं. त्यांचं स्वतःचं पान ताजं आहे का ते पाहा.
- परिच्छेदातलं विद्यापीठाचं नाव बदललं तरी तो जसाच्या तसा चालणं. तसं होत असेल तर तो परिच्छेद नव्याने लिहा.

६. शिफारसपत्रांशी सूर जुळवा

तुम्ही लिहिलंय ‘प्रयोगाची रचना मी केली’ आणि गाइडने लिहिलंय ‘प्रयोगात चांगली मदत केली’, तर कमिटी कोणावर विश्वास ठेवेल हे सांगायला नको. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे: स्वतःबद्दल जे तुम्हाला लिहिता येत नाही, ते दुसरा माणूस मोकळेपणाने लिहू शकतो. ‘माझ्या पाहण्यातल्या उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ हे वाक्य त्यांच्या पत्रात शोभतं, तुमच्या एसओपीत नाही. म्हणून विशेषणांचं खातं सरळ त्यांच्याकडे सोपवा.

पत्र मागताना निदान महिनाभर आधी विचारा, आणि असं विचारा: «सर, माझ्या कामाबद्दल तुम्हाला भक्कम पत्र लिहिता येईल का? नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसऱ्या कोणाला विचारेन.» हा प्रश्न घशाशी येऊन अडकतो, मान्य आहे. पण गुळमुळीत पत्रापेक्षा नकार परवडला. होकार मिळाला की सीव्ही, एसओपीचा मसुदा, डेडलाइनची यादी आणि त्यांच्यासोबत केलेल्या कामातले तीन-चार प्रसंग एकाच मेलमध्ये पाठवा.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं उत्तर आलं तर? टाळता आलं तर टाळा. तीन पत्रं आणि एसओपी एकाच हाताची असली की ती एकाच आवाजात बोलतात, आणि रोज हेच वाचणाऱ्यांना ते जाणवतं. शिवाय आपलंच कौतुक आपणच लिहिताना माणूस एक तर फुगतो किंवा दबतो, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. ‘मी मुद्दे काढून देतो सर, तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा’ असं नम्रपणे सुचवून पाहा.

अमेरिकी फॉर्मवर एक चौकट येते: पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? तिथल्या १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्यामुळे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं पाहता येतात, म्हणून हा प्रश्न. बहुतेक जण हक्क सोडतात आणि तुम्हीही सोडा. पत्र गोपनीय असलं की त्याला वजन येतं, आणि लिहिणाऱ्यावर तुमचा विश्वास आहे हेही दिसतं.

७. प्राध्यापकांना मेल

सात-आठ ओळींच्या वर जाऊ नका. ‘रिस्पेक्टेड सर’ नको; ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव पुरे. तुम्ही कोण, त्यांच्या कोणत्या कामावरून लिहिताय, तुमचं त्याच्याशी जुळणारं एक काम, आणि एक प्रश्न: यंदा विद्यार्थी घेणार आहात का? सीव्ही जोडा. ‘आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व’ काढा, ‘मी आपल्या गटासाठी अगदी योग्य उमेदवार आहे’ हेही काढा. उत्तर आलं नाही तर दोन-एक आठवड्यांनी एकदा आठवण करा. त्यानंतरच्या शांततेचा अर्थ तुमच्या लायकीशी जोडू नका. त्यांच्या मेलबॉक्सची अवस्था तुम्हाला माहीत नाही.

८. दुसऱ्याला वाचायला द्या, पण प्रश्न देऊन

‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान आहे’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: कुठे विश्वास बसला नाही? कुठे वाटलं की मी काहीतरी हातचं राखून बोलतोय? एक वाचक तुमच्या विषयातला असू द्या, एक बाहेरचा. दोनपेक्षा जास्त वाचक नकोत, नाहीतर प्रत्येकाच्या सूचनेने मसुदा गुळगुळीत होत जातो. एआयकडून भाषा तपासून घेणार असाल तर आधी त्या अभ्यासक्रमाचे नियम वाचा. आणि लक्ष ठेवा: ही साधनं ‘तपासलं’चं सहज ‘सखोल विश्लेषण केलं’ करून टाकतात, आणि मुलाखतीत त्या सखोल शब्दाचा हिशोब तुम्हाला द्यावा लागतो.

९. मुलाखत आणि ऑफर

एसओपीतल्या प्रत्येक वाक्यावर ‘म्हणजे नक्की काय केलंत?’ असा प्रश्न येईल असं धरून तयारी करा. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा आणि पुढे काय कराल ते जोडा: «हे मी तपासलेलं नाही. तपासायचं झालं तर आधी अमुक बघेन.» त्यांनी मत खोडून काढलं तर लगेच शरणागती नको आणि हुज्जतही नको. तुमचं मत ज्यावर उभं आहे तो पुरावा एकदा मांडा, मग त्यांचं ऐका.

ऑफर आल्यावर बरेच जण पुन्हा दबक्या आवाजात जातात, जणू काही विचारलं तर ऑफर परत घेतील. स्टायपेंड किती, किती वर्षांची हमी, आरोग्य विम्यात काय, उन्हाळ्याचे पैसे मिळतात का, हे विचारणं अगदी रास्त आहे. अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सह्या केलेल्या विद्यापीठांत आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधन नसतं. कोणी त्याआधी घाई केली तर ते विद्यापीठ त्या यादीत आहे का ते पाहा आणि सरळ लिहा: «इतर विभागांचे निर्णय यायचे आहेत, मी १५ एप्रिलपर्यंत कळवतो.» आकड्यांबद्दल जे काही फोनवर ठरेल, ते मेलवर लेखी मागून घ्या.